दाजींचा निळा ठिपका

रविवारी दाजी मुंबईहून जेवायला येणार होते, ताई दोन दिवस आधीच आलेली, आणि आईने मला एकच काम दिलं, "ते कुठपर्यंत आलेत ते बघत राहा, मी पुऱ्या तेव्हाच टाकीन." म्हणजे अख्खी कढई माझ्या मोबाईलमधल्या लाईव्ह लोकेशनच्या भरवशावर.

सव्वाबाराला ठिपका लोणावळ्यात. खाली बारीक अक्षरात, अपडेट १८ मिनिटांपूर्वीचं. आता डोकं इथेच लावावं लागतं, कारण ठिपका दाजी कुठे आहेत ते सांगत नाही, कुठे होते ते सांगतो. एक्स्प्रेसवेला लिमिट १०० ची, १८ मिनिटं, म्हणजे फार तर ३० किलोमीटर, म्हणजे माणूस लोणावळा ते तळेगाव कुठेही असू शकतो. हे सगळं आईला समजावलं तर म्हणते, "म्हणजे तुला माहीत नाही, असं सरळ सांग की."

फोन लावला, नुसती रिंग. दाजी गाडी चालवताना फोन घेत नाहीत, अर्थात गाडी चालू आहे, हा आपला निष्कर्ष. तेवढ्यात ठिपका हलला! पंधराएक मीटर पुढे, मग मागे, मग रस्ता ओलांडून पलीकडे.

"ट्रॅफिक असणार, इंच इंच सरकतायत," मी.

"उलटे पण?" ताई.

मग मला जीपीएसवर यावं लागलं. २०,२०० किलोमीटर वरून निदान चार सॅटेलाईटचे सिग्नल लागतात, ते भिंतींवर आपटून आले की हिशोब चुकतो, ठिपका जागच्या जागी भटकतो. त्यावर काल्मन नावाच्या माणसाने १९६० साली गणित काढलंय, आधीचा अंदाज आणि आत्ताचं माप, ज्याच्यावर जेवढा भरवसा त्याला तेवढं वजन, अपोलो यानातसुद्धा तेच वापरलं.

आई कणकेला तेलाचा हात लावत होती. "जावईबापू चिक्की घेतल्याशिवाय कधी आलेत का? दुकानातच असणार."

"पाऊण तास?"

तिने गॅस बंद केला.

एक वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. दारात दाजी, हातात दोन किलो चिक्की. "अरे, माझ्या फोनला जरा रिंग दे ना, गाडीत कुठे पडलाय सापडतच नाहीये."

दिली. या वेळी उचलला. "हां, लोणावळ्याहून चिक्कीवाला बोलतोय, मघापासून वाजतोय हो, गिऱ्हाईकं होती. फोन कोणाचा आहे?"

आईने गॅस पेटवला. "ठिपका बरोबरच होता की रे."