'इतर' या रकान्यातल्या बायका

परवा ओळखीच्या एका ताईंनी बॉस्नियातल्या महिला संघटनांवरचा लेख पाठवला. खाली लिहिलेलं, "बघ गं, किती सोसलं आणि तरी उभ्या आहेत!" मी सवयीनं बदाम टाकला आणि मग दिवसभर डोक्यात भुणभुण. 'तरी उभ्या आहेत' हे मला आता ऐकवत नाही. सतरा वर्षं एका समुपदेशन केंद्रात काढल्यावर एवढं कळतं, की बायकांच्या सोसण्याचं जिथे फार कौतुक चालतं, तिथे कुणीतरी आपलं काम अंगाबाहेर टाकलेलं असतं.

बॉस्नियात ते काम कुणी टाकलं? उत्तर १९९५च्या डेटन करारात आहे. त्या करारानं बॉस्नियाक (म्हणजे तिथले मुस्लिम), क्रोएट आणि सर्ब यांच्यातलं युद्ध थांबवलं, जवळपास एक लाख माणसं मेल्यावर, आणि त्याबद्दल त्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण तिन्ही बाजूंनी सह्या करणारे पुरुष, आणि त्याच कराराचं चौथं परिशिष्ट म्हणजे आजही देशाचं संविधान. राष्ट्राध्यक्ष तीन: एक बॉस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. दर आठ महिन्यांनी मुख्य खुर्ची फिरते. देशाचे दोन भाग, त्यातल्या एकात दहा कॅन्टन, म्हणजे छोटे प्रांतच, प्रत्येकाचं मंत्रिमंडळ वेगळं. वाटण्या झालेला वाडाच म्हणा ना. चुली वेगळ्या, गळकं छप्पर तेवढं सामाईक, म्हणून त्याला हात कुणीच लावत नाही.

या तिघांत न बसणाऱ्यांसाठी संविधानात शब्द आहे, 'इतर'. 'इतरां'ना राष्ट्राध्यक्षपदासाठी उभंच राहता येत नाही. सेय्दिच हे रोमा या अल्पसंख्य जमातीचे आणि फिन्त्सी हे ज्यू, दोघं स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २००९मध्ये जिंकले. मग आझ्रा झॉर्निच नावाची बाई गेली. तिचं म्हणणं साधं होतं: मी कुठलीच जमात सांगणार नाही, मी या देशाची नागरिक आहे. २०१४मध्ये तीही जिंकली. संविधानाची ती कलमं अजून जागची हललेली नाहीत.

आता यात बाईचं काय होतं ते बघा. युद्धात हजारो बायकांवर बलात्कार झाले. त्यांना युद्धपीडित म्हणून वेगळी मान्यता आणि मासिक भत्ता द्यायला फेडरेशन या भागाला २००६ उजाडलं. दुसऱ्या भागात, म्हणजे रिपब्लिका सर्प्स्कामध्ये, तसा कायदा झाला २०१८मध्ये. तोवर तिथे निकष होता शरीराच्या ६० टक्के हानीचा. अत्याचार तोच, पण बाई रेषेच्या कुठल्या बाजूला राहते त्यावर तिची मान्यता ठरणार. बलात्काराची टक्केवारी कुठला डॉक्टर कशी काढणार, हे कुणाच्याच डोक्यात आलं नसेल?

सरकार हा हिशेब करत बसलं, त्याआधीच, ऐन युद्धात १९९३ साली, झेनित्सा शहरात मोनिका हाउझर ही स्त्रीरोगतज्ज्ञ आणि तिथल्याच डॉक्टर, मानसोपचार जाणणाऱ्या बायका यांनी मेदिका झेनित्सा हे अत्याचार सोसलेल्या बायकांसाठीचं केंद्र सुरू केलं. ते आजही चालू आहे. आणि माझं दुखणं इथेच आहे. निवाऱ्याची घरं संघटनांनी चालवायची, त्यासाठी परदेशी निधीच्या मागे धावायचं, शिवाय सलोख्याची शिबिरंही त्यांनीच घ्यायची. सलोखा बायकांकडे, खाती पुरुषांकडे! (हो, २०२२-२३मध्ये झेल्का त्स्वियानोविच तीन राष्ट्राध्यक्षांत आणि बोर्याना क्रिश्तो देशाच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखपदी पोचल्या. पण आपापल्या जमातीच्या पक्षातूनच. बाई बदलली, रकाना तोच.) संघटना जितक्या नेटानं भोकं बुजवतात, तितकं छप्पर न बदलण्याचं निमित्त वाढतं. त्यांनी थांबावं असं म्हणायची माझी प्राज्ञा नाही. आमच्या केंद्रात रात्री साडेअकराला दारात उभ्या राहिलेल्या बाईला मी तरी कुठे सांगू शकते, की थांब बाई, आधी व्यवस्था बदलू दे?

म्हणून मला क्रुश्चित्सा जास्त आवडतं. वितेझजवळचं छोटं गाव. नदीवर छोटे जलविद्युत प्रकल्प येणार होते, त्याच पाण्यावर खालची गावं-शहरं तहान भागवतात. ऑगस्ट २०१७मध्ये गावानं पूल अडवला. बायका पुढे उभ्या राहिल्या, पोलीस बायकांवर हात टाकणार नाहीत या हिशेबानं. हिशेब चुकला. २४ ऑगस्टच्या पहाटे त्यांना बेदम मारलं. त्या परत येऊन उभ्या राहिल्या. रात्रंदिवस, पाळ्या लावून, एकूण ५०३ दिवस. मध्ये बॉस्नियातला हिवाळा. डिसेंबर २०१८मध्ये परवाने रद्द झाले. त्यांच्यातल्या माइदा बिलाल यांना २०२१मध्ये पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला.

तिथे कुणी त्यांना 'सक्षम' करायला गेलं नव्हतं. मागणी एकच होती, यंत्रं परत न्या. तिला हो किंवा नाही म्हणावंच लागतं, समिती नेमून भागत नाही.

महिनाअखेरीला मला आमचा अहवाल भरायचाय. 'क्षमतावृद्धी झालेल्या महिलांची संख्या' असा रकाना आहे. दर वेळी काहीतरी आकडा टाकते. ताईंना अजून उत्तर दिलेलं नाही, हीच पोस्ट पाठवते.