मुख्य प्रशिक्षक नेमण्याची सोपी रीत

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलचा हंगाम नोव्हेंबरअखेर सरत आला की ठिकठिकाणच्या मुख्य प्रशिक्षकांना नारळ मिळतो आणि त्यांच्या जागी नवा माणूस शोधण्याची जबाबदारी विद्यापीठाच्या क्रीडासंचालकावर येऊन पडते. ती जबाबदारी आपल्यावर आली आहे असे गृहीत धरून पुढील सूचना केल्या आहेत. आपण क्रीडासंचालक नसाल, केवळ माजी विद्यार्थी या नात्याने कोथरूडमध्ये बसून मत देत असाल, तरीही त्या आपल्याला उपयोगी पडतील; कारण मत देण्यासाठी लागणारी माहिती आणि नेमणूक करण्यासाठी लागणारी माहिती यांत आजवर फारसा फरक आढळलेला नाही.

उमेदवार शक्यतो एखाद्या नामांकित संघाचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार असावा. हा गृहस्थ मैदानाच्या कडेला किंवा वरच्या काचेच्या खोलीत कानाला हेडसेट लावून असतो, त्याच्या हातात प्लास्टिकचे आवरण घातलेला, रंगीत चौकटींनी भरलेला एक मोठा तक्ता असतो आणि प्रतिपक्षाला ओठ वाचता येऊ नयेत म्हणून तो बोलताना त्या तक्त्याने तोंड झाकून घेतो. पुढच्या चालीसाठी चाळीस सेकंद मिळतात. २०२४ पासून एका खेळाडूच्या शिरस्त्राणात थेट बोलता येते, पण घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो; म्हणजे उरलेल्या पंचवीस सेकंदांत योग्य चाल निवडून ती सांगून मोकळे व्हायचे. हे काम कठीण आहे आणि ही मंडळी ते करतातही उत्तम. मुख्य प्रशिक्षकाला मात्र शंभरावर खेळाडू आणि सहायकांचा भलामोठा ताफा सांभाळावा लागतो, सतरा वर्षांच्या मुलाच्या आईसमोर बसून तिचा विश्वास मिळवावा लागतो, देणगीदारांबरोबर जेवावे लागते आणि ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे खेळाडूंना विद्यापीठ बदलता येणारी नोंदवही, उघडले की आपलाच संघ नव्याने भरती करावा लागतो. यांपैकी एकही काम तक्ता पाहून करता येत नाही. तेव्हा मुलाखतीत या कामांविषयी प्रश्न विचारून उमेदवाराला अकारण संकोचात पाडू नये.

गुणवत्ता पारखताना धावफलकाखेरीज दुसरे काहीही पाहू नये, आणि चेंडू कोणाच्या हातात होता हे तर मुळीच पाहू नये. २०१९ मध्ये लुईझियाना स्टेट विद्यापीठाने पंधरापैकी पंधरा सामने जिंकले, क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, जो बरो याने साठ टचडाउन (चेंडू प्रतिपक्षाच्या अखेरच्या पट्ट्यात पोहोचवून मिळणारे गुण) फेकून वर्षातील सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडूचा हाइझमन करंडक मिळवला आणि वर्षातील सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाला दिला जाणारा ब्रॉइल्स पुरस्कार तीस वर्षांच्या जो ब्रेडी यांना मिळाला. त्या संघाचे सूत्रधार प्रत्यक्षात स्टीव्ह एन्समिंगर होते आणि ब्रेडी यांच्याकडे पासिंग खेळाचे समन्वयकपद होते, परंतु अशा तपशिलांत आपण शिरू नये. ब्रेडी लगोलग व्यावसायिक फुटबॉलमध्ये कॅरोलायना पँथर्सचे सूत्रधार झाले आणि दुसरा हंगाम संपण्यापूर्वीच, डिसेंबर २०२१ मध्ये, तेथून दूर केले गेले. दरम्यान लुईझियाना स्टेटच्या त्या संघातील चौदा खेळाडू एकाच निवड सोहळ्यात व्यावसायिक संघांनी उचलले आणि पुढच्याच वर्षी हे विद्यापीठ पाच विजय व पाच पराभव अशा बरोबरीत येऊन थांबले. यावरून एखाद्याला वाटेल की खेळाडूंचाही त्या यशात काही वाटा असावा. अशा शंकांकडे दुर्लक्ष करावे. पंगतीत जिलबी वाढणाराच आचारी, असे एकदा धरून चालले की निवड फार सुकर होते. (ब्रेडी यांनी त्या संघाला नव्या धर्तीचा खेळ शिकवला, हे खरेच आहे. कोणी कोणाला किती घडवले याचा हिशेब अवघड असतो आणि म्हणूनच तो कोणी करत नाही.)

उमेदवाराने मध्यंतरी लहान विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक म्हणून काम केले असेल, तर प्रश्न जरा नाजूक होतो, कारण आता खरा पुरावा हाताशी असतो. तो नीट वाचण्याची युक्ती आर्कन्सासकडून शिकावी. चॅड मॉरिस यांनी क्लेमसनमध्ये चार हंगाम आक्रमण सांभाळून नाव कमावले, मग सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात तीन हंगामांत चौदा सामने जिंकले आणि बावीस गमावले. चौदा आणि बावीस हे आकडे शेजारी ठेवल्यास मन खट्टू होते. म्हणून ते वर्षवार मांडावेत. आधी दोन विजय, मग पाच, मग सात: आलेख चढता आहे, आणि चढता आलेख पाहिल्यावर निवड समितीच्या बैठकीत प्रतिप्रश्न येत नाहीत. आर्कन्सासने त्यांना नेमले. तेथे त्यांनी चार सामने जिंकले, अठरा गमावले आणि स्वतःच्या कॉन्फरन्समधील, म्हणजे विद्यापीठांच्या साखळी गटातील, चौदाच्या चौदा सामन्यांत पराभव पाहिला. अखेरचा सामना नोव्हेंबर २०१९ मध्ये वेस्टर्न केंटकीविरुद्ध घरच्याच मैदानावर झाला. त्यात ४५–१९ असा धुव्वा उडवणारा प्रतिपक्षाचा क्वार्टरबॅक आदल्या वर्षी आर्कन्साससाठीच खेळत होता. खेळाडू ओळखण्याची ही कला कोणत्याही तक्त्यावर लिहिलेली नसते, त्यामुळे ती आधी तपासता आली नसती असे आपल्याला म्हणता येईल.

गोंधळात टाकणारी उदाहरणे दृष्टीआड करावीत. लिंकन रायली ओक्लाहोमाचे सूत्रधार होते, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या पहिल्या दोन हंगामांत दोन निरनिराळ्या क्वार्टरबॅकनी हाइझमन पटकावला. स्टीव्ह सार्कीसियन अलाबामाला २०२० चे अजिंक्यपद मिळवून देऊन टेक्ससला आले, पहिल्या वर्षी सलग सहा सामने हरले, कॅन्सससारख्या संघाकडूनही घरच्या मैदानावर ५७–५६ असे पराभूत झाले, आणि दोन वर्षांनी तोच संघ त्यांनी प्लेऑफमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या बाद फेरीत, नेला. म्हणजे सूत्रधार कधी पावतो, कधी पावत नाही, आणि कधी उशिरा पावतो. एवढ्या अनिश्चिततेत निर्णय घ्यायचा तर पहिल्या वर्षाच्या सहाव्या सामन्यानंतर घ्यावा. त्यानंतर वाट पाहणे हे भित्रेपणाचे लक्षण मानले जाते.

उमेदवारांच्या यादीतून एक नाव मात्र तत्काळ खोडावे: जो माणूस दोन्ही कामांतला फरक जाणतो त्याचे. चिप केली हे यूसीएलएचे मुख्य प्रशिक्षक होते आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पद आपणहून सोडून ते ओहायो स्टेटमध्ये सूत्रधार म्हणून रुजू झाले. तेथील मुख्य प्रशिक्षक रायन डे हे तरुणपणी न्यू हॅम्पशर विद्यापीठात क्वार्टरबॅक होते आणि तेव्हा त्या संघाचे सूत्रधार होते हेच केली. डे यांनी चाली सांगण्याचा तक्ता आपल्या जुन्या गुरूच्या हाती दिला, स्वतः उरलेली कामे पाहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. तक्ता सोडून देणारा मुख्य प्रशिक्षक आणि मुख्य प्रशिक्षकपद सोडून देणारा सूत्रधार एकाच इमारतीत सुखाने नांदले, हे दृश्य निवड समितीच्या मनावर वाईट परिणाम करू शकते.

उमेदवाराची योग्यता आकड्यांत बांधून घ्यावी, असा आग्रह कोणी धरल्यास आयोवा विद्यापीठाचा आदर्श ठेवावा. तेथे मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेन्झ आणि आक्रमणाचे सूत्रधार त्यांचे चिरंजीव ब्रायन. नात्यातील माणसाला हाताखाली ठेवू नये या नियमास बाध येऊ नये म्हणून चिरंजीव कागदोपत्री वडिलांना नव्हे, तर क्रीडासंचालकांना जबाबदार होते. घराणेशाहीची ही कागदी सोय मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. २०२२ च्या पहिल्या सामन्यात या संघाने एकही टचडाउन न करता, एक फील्ड गोल (खांबांमधून लाथाडलेल्या चेंडूचे तीन गुण) आणि दोन सेफ्टी (प्रतिपक्षाला त्याच्याच अखेरच्या पट्ट्यात अडवल्याचे प्रत्येकी दोन गुण) यांच्या बळावर ७–३ असा विजय मिळवला, आणि सेफ्टीचे गुण तर बचाव फळी मिळवते. पुढच्या वर्षी चिरंजीवांच्या करारात अट आली की संघाने सामन्यामागे सरासरी पंचवीस गुण करावेत आणि किमान सात सामने जिंकावेत. गुण आक्रमणानेच करावेत असे मात्र त्यात नव्हते. बचाव फळीने चेंडू पळवून टचडाउन केला तरी तो सूत्रधाराच्या खात्यात जमा. संघाने दहा सामने जिंकले, पण इतरांची मदत धरूनही सरासरी पंचवीसच्या आसपास फिरकली नाही आणि हंगाम संपण्यापूर्वीच ऑक्टोबरमध्ये चिरंजीवांची मुदत वाढणार नाही असे जाहीर झाले. आपल्या करारात अशी अट घालताना आकडा बचाव फळीला विचारून ठरवावा.

आता पैशाविषयी. निवड चुकीची ठरली तर काय, हा प्रश्न करारावर सही करताना विचारणे अशुभ असते. नेब्रास्काने स्कॉट फ्रॉस्ट यांना, जे पूर्वी ऑरेगॉनचे सूत्रधार होते, ११ सप्टेंबर २०२२ रोजी काढले आणि त्यापोटी सुमारे दीड कोटी डॉलरचे देणे पत्करले. १ ऑक्टोबरपर्यंत धीर धरला असता तर ही रक्कम निम्मी झाली असती. वीस दिवस हा माणूस नको म्हणून पाऊण कोटी डॉलर मोजणाऱ्या संस्थेला कंजूष म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.

तरीही दानशूरपणात टेक्सस ए अँड एमची बरोबरी कोणालाच जमलेली नाही. जिम्बो फिशर हे लुईझियाना स्टेट आणि फ्लोरिडा स्टेट येथे सूत्रधार राहिलेले, नंतर फ्लोरिडा स्टेटला २०१३ चे अजिंक्यपद मिळवून देणारे प्रशिक्षक. त्यांना साडेसात कोटी डॉलरचा दहा वर्षांचा करार देऊन आणले, तेव्हा विद्यापीठ व्यवस्थेच्या कुलपतींनी राष्ट्रीय अजिंक्यपदाची फलकपट्टी आगाऊ तयार करून त्यांच्या हाती दिली आणि तीवर सालाचे शेवटचे दोन अंक तेवढे कोरे ठेवले. २०२१ मध्ये करार २०३१ पर्यंत वाढवला गेला. फिशर चाली स्वतःच सांगत राहिले आणि २०२३ मध्ये त्यांनी अखेर त्या कामासाठी वेगळा सूत्रधार नेमला, तोवर उशीर झाला होता. त्या नोव्हेंबरात संघाने मिसिसिपी स्टेटला ५१–१० असे चारी मुंड्या चीत केले आणि दुसऱ्या दिवशी फिशर यांना निरोप देण्यात आला. देणे होते सुमारे साडेसात कोटी डॉलर, आणि त्यांनी दुसरीकडे नोकरी पत्करली तरी त्यातून एक सेंटही कापला जाणार नव्हता.

या विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत शिकून गेलेले मराठी पदवीधर काही थोडे नाहीत. आपण त्यांपैकी एक असाल आणि जुन्या विद्यापीठाकडून देणगीसाठी पत्र आले, तर रक्कम लिहिताना हात आखडता घेऊ नये आणि प्रयोगशाळा, ग्रंथालय, शिष्यवृत्ती असा कोणताही हेतू नोंदवून संस्थेचे हात बांधू नयेत. फिशर यांचे हप्ते २०३१ पर्यंत चालणार आहेत.