ओल्या फडक्याने पिकअप परत येत नाही

उन्हाळा लागला की सोलापुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: 'हायवेवर गाडी दम टाकू लागली तर पाइपात पेट्रोलची वाफ अडकली समजा. पाइपावर ओलं फडकं ठेवा, दहा मिनिटांत पिकअप परत. चेक इंजिनचा दिवा लागला नसेल तर काळजी नको. तरीही ओढत नसेल तर बॅटरीची वायर काढून लावा, नाहीतर पंप बदला.' ओव्हरटेक करताना पिकअप गेला तर मागून येणारा ट्रक जिवावर बेततो, म्हणून हे खोडून काढतोय.

वाफ अडकायची ती कार्बोरेटरच्या गाड्यांत. तिथे पंप इंजिनपाशी असायचा, टाकीतून पेट्रोल ओढायचा. ओढताना पाइपातला दाब घटायचा आणि तापलेल्या पेट्रोलची वाफ व्हायची. आता पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोल साधारण 3 ते 4 बार दाबाने पुढे ढकलतो. त्या दाबाखाली मे महिन्यातल्या 43 अंशांतही वाफ धरणं अवघड.

'पण फडकं ठेवल्यावर माझी गाडी चालली!' चालली असेल, थांबल्यामुळे. तेवढ्या वेळात तापलेली इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) निवते, पंपाची मोटर निवते, पंपाच्या जाळीला चिकटलेला टाकीतला गाळ खाली बसतो. मोहोळपर्यंत गाडी झकास, टेंभुर्णीच्या अलीकडे पुन्हा तेच. शिवाय फडक्याचं पाणी कॉइलच्या खाचेत गेलं तर मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकून इंजिन अडखळणं, नव्याने सुरू.

काही दोष गाडीचा कंप्युटर दिवा न लावता आधी 'पेंडिंग' म्हणून नोंदवतो. बॅटरी काढली की बहुतेक गाड्यांत ती नोंद पुसली जाते आणि मेकॅनिकला दोषाचा माग उरत नाही.

राहिला पंप. उभ्या गाडीत दाब बहुधा बरोबरच दिसतो, कारण तिथे पेट्रोल लागतंच किती! मेकॅनिककडून लांब नळीने पेट्रोलचा दाब दाखवणारं गेज जोडून घ्या, ते काचेवर बाहेरून वायपरपाशी टेपने चिकटवा, मेकॅनिकला शेजारी बसवा आणि मोकळ्या हायवेला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. गाडी दम टाकते त्याच क्षणी काटा खाली आला तर दोष पेट्रोलचा फिल्टर, जाळी किंवा पंपात. काटा जागेवरच राहिला तर पेट्रोल पोचतंय. मग एअर फिल्टर, कॉइल आणि मुख्य म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर शुद्ध करणारा डबा) बघा. तो चोंदला की सात रस्त्याच्या गर्दीत गाडी ठीक चालते, पण हायवेच्या वेगाला धूर बाहेर पडायला वाट उरत नाही. त्याच्या अलीकडचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे धुराचा दाब मोजणारं गेज लावलं तर 2500 आरपीएमला दाब साधारण 3 पीएसआयच्या वर जाऊ नये.

कन्व्हर्टर बदलण्याआधी तो का चोंदला तेही शोधा. मिसिंग मारणारी कॉइल तशीच ठेवली तर न जळलेलं पेट्रोल नव्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तोही आतून वितळतो.