बल्ब माझा, भिंत माझी, परवानगी कुणाची?

पाऊस लागला की बेळगावात इंटरनेट जातं, हे आम्हाला नवं नाही. पण इंटरनेट गेलं म्हणून देवघरातला, मोबाईलच्या ॲपवर चालणारा स्मार्ट दिवा लागू नये? करंट आहे, बल्ब धड आहे, मी समोर उभा आहे, आणि ॲप म्हणतं 'डिव्हाइस ऑफलाइन'! स्विचवरचा निळा ठिपका नुसता लुकलुकतोय आणि आई अंधारात काडेपेटी चाचपडतेय. टिळकवाडीतल्या घरात बटण दाबायचं, हुकूम जाणार परदेशातल्या सर्व्हरला, तिथनं परत माझ्याच भिंतीवर. कशाला हा द्राविडी प्राणायाम?

वर दादागिरी केवढी! दिवा लावायला लॉगिन पाहिजे, लोकेशन पाहिजे, मोबाईल नंबर पाहिजे. अपडेट आलं की कालपर्यंत फुकट चालणारा टायमर आज पैसे मागतो. आणि कंपनीनंच गाशा गुंडाळला तर? २०१६ मध्ये रिव्हॉल्व्ह कंपनीचे हब, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारे डबे, बंद पाडले. २०२२ मध्ये इन्स्टिऑन या तशाच कंपनीचे सर्व्हर न सांगता गेले. लोकांनी मोजलेल्या पैशांचं काय?

घरातली अशी उपकरणं चालवणारं होम असिस्टंट नावाचं सॉफ्टवेअर २०१३ पासून आहे. फुकट आहे, घरातल्याच छोट्या संगणकावर चालतं. त्याला झिगबीचा, म्हणजे उपकरणांना बिनतारी जोडणाऱ्या तंत्राचा, डोंगल लावला की झिगबीचे बल्ब थेट त्याच्याशी बोलतात, बाहेर इंटरनेट असो वा नसो. म्हणजे जमतं सगळं! फक्त करायचं नाही. खडेबाजारात विचारलं तर उत्तर एकच, 'वायफायवर चालतंय बघा.' अहो, इंटरनेट गेल्यावर काय चालतंय ते सांगा की! खोक्यावर तेवढी एक ओळ छापायला कंपन्यांची शाई संपते का?