बाबांना मी ब्लॉक केलं म्हणे

बुधवारी सकाळी आईचा फोन. आवाज दबका, म्हणजे बाबा बाहेरच्या खोलीत असणार. "काय रे, तू बाबांना ब्लॉक केलंयस का? दोन दिवस धड जेवले नाहीयेत." मी म्हटलं आई, काहीतरीच काय, तर म्हणे "इंग्रजीत लेखी आलंय त्यांना, प्रिंट काढून फाइलला लावलंय."

आता खरं सांगायचं तर ते चार दिवस मी भयंकर खुशीत होतो. स्वतःचा मेल सर्व्हर चालवायची खाज मला सात वर्षांपासून आहे, आणि सात वर्षांत पहिल्यांदाच इनबॉक्समध्ये एकही स्पॅम नव्हता. लोन नाही, लॉटरी नाही, काही नाही. मी ऑफिसात दोघांना ऐकवलंसुद्धा की फिल्टर असा लावायचा असतो. स्पॅमच काय, काहीच येत नव्हतं हे लक्षात यायला आईचा फोन लागला.

मग मी स्वतःलाच एक मेल टाकून बघितला. टुणकन आला. बाहेर पाठवलेले मेलही जात होते. घरून टेलनेटने, म्हणजे हाताने जोडणी करून, सर्व्हरचं २५ नंबरचं पोर्ट, म्हणजे मेल आत यायचं दार, ठोठावलं तर पलीकडून चिडीचूप, त्यामुळे फायरवॉलचे नियम उलटसुलट करण्यात अख्खा दिवस गेला आणि रात्री अकराला आठवलं की २५ नंबर बाहेर जायला घरच्या ब्रॉडबँडवाल्यानेच बंद ठेवलाय, म्हणजे मी दिवसभर आपल्याच घराच्या दाराशी भांडत होतो. (मेल लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, आधी बघावी हे मी दुसऱ्यांना नेहमी सांगतो.)

लॉग उघडला तर ओळीमागून ओळ रिजेक्ट, ५५४, रिजेक्ट, ५५४. यात एक गंमत आहे. चारशेवाला कोड म्हणजे 'साहेब जेवायला गेलेत, नंतर या', समोरचा सर्व्हर बिचारा थांबून थांबून चार-पाच दिवस खेपा घालतो. पाचशेवाला म्हणजे 'पुन्हा तोंड दाखवू नका'. माझा पोस्टफिक्स, म्हणजे मेल घेणारा प्रोग्रॅम, येईल त्याला पाचशेवालं ऐकवत होता. आणि पुढे कारण, क्लायंट होस्ट ब्लॉक्ड, म्हणजे पाठवणारा सर्व्हर अडवलाय. बाबांनी नेमका तेवढा एकच शब्द वाचला होता.

करणी माझीच. शनिवारी सर्व्हरची रॅम वाचवायला मी त्यावरचा अनबाऊंड, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते शोधून देणारा स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर, काढून टाकला आणि एक फुकटातला पब्लिक रिझॉल्व्हर लावला. मेल आला की स्पॅमवाल्यांच्या काळ्या यादीला डीएनएसनेच विचारायचं असतं की हा पाहुणा तुमच्या यादीत आहे का. असेल तर १२७.०.०.२ वगैरे उत्तर येतं, नसेल तर उत्तरच नाही. पण पब्लिक रिझॉल्व्हरकडून विचारलं की ती यादी १२७.२५५.२५५.२५४ म्हणते, म्हणजे 'बाबा रे, अशा रस्त्याने विचारू नकोस'. पोस्टफिक्सला मात्र कुठलंही उत्तर म्हणजे होकार! बँक चोर, क्लायंट चोर, बाबाही चोर. माझा स्वतःचा मेल आला कारण घरच्या माणसाची झडतीच होत नाही.

अनबाऊंड परत घातला, कुठली उत्तरं होकार धरायची ते कॉन्फिगमध्ये लिहिलं, दहा मिनिटांचं काम. खरं काम नंतरचं होतं, कारण पाचशेवाले मेल आपणहून परत येत नाहीत, एकेकाला फोन करून 'परत पाठवता का' म्हणायचं.

बाबांना शेवटी केला. काळी यादी, पब्लिक रिझॉल्व्हर, सगळं समजावून सांगितलं, ते नुसतं हूं हूं करत होते.

"म्हणजे चार दिवस फक्त माझाच मेल परत गेला असं नाही?"

"नाही हो बाबा, कुणाचाच आला नाही."

"तुझ्या सासऱ्यांचा?"

"त्यांचेही दोन परत गेले."

"बरं बरं," आवाज एकदम खुलला. "सातबारा मी कालच कुरियरने पाठवलाय, बघ मिळतो का."