चित्रकलेचा तास कुणाला नडतो?

सरळच विचारतो. आठवड्यातून एकदा येणारा चित्रकलेचा तास नेमका कुणाला नडतो?

नाशिकमधल्या एका शाळेनं (नाव घेत नाही, ओळखीच्यांची पोरं तिथंच शिकतायत) आठवी-नववीचा तो तास काढून तिथं गणिताचा सराव घातला. पालकांच्या ग्रुपवर निरोप पडला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. एका आईनं तेवढं भीतभीत विचारलं, "मग इंटरमिजिएटचं काय?" कारण इंटरमिजिएट ही सरकारी चित्रकला परीक्षा, आणि तिच्या ग्रेडवर दहावीला वाढीव गुण मिळतात. चित्रकलेच्या बाजूनं बोलणारी एकच बाई, आणि तिलाही गुणांचाच आधार घ्यावा लागला. तिला दोष नाही. दुसरं काही बोलली असती तर ग्रुपवर कुणी ऐकून घेतलं असतं?

त्या परीक्षेतही संकल्पचित्र नावाचा प्रकार असतो. पोरानं स्वतःच्या डोक्यातून नक्षी काढायची. त्याची तयारी आपण कशी करून घेतो? दोन-तीन नक्ष्या घोटवून. स्मरणचित्राला "बाजार" आला की सगळ्यांच्या कागदावर तीच टोपलीवाली आणि तोच फुगेवाला. गोदाघाटावर बुधवारी एवढा मोठा बाजार भरतो, पण तिथं तासभर बसून माणसं बघायला पोरांना सवड कुठाय? त्या वेळेला क्लास असतो.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये आहे, म्हणजे साचे आणि अवजारं बनतात तिथं. नवीन डिप्लोमावाली पोरं मुलाखतीला आली की मी त्यांच्या हातात एक वेडंवाकडं कास्टिंग (धातूचा ओतीव तुकडा) देतो आणि विचारतो, हे मशीनवर धरशील कसं? बहुतेकांचा पहिला प्रश्न, "सर, ड्रॉइंग आहे का?" अरे, ड्रॉइंग असतं तर तुला कशाला विचारलं असतं! हुशार पोरं असतात ही, टक्के ऐंशीच्या पुढे. पण उत्तर कुणीतरी आधीच काढून ठेवलेलं असणार आणि आपण ते फक्त ओळखायचं, ही सवय इतकी मुरलेली की हातातला तुकडा उलटा करून बघायचंही सुचत नाही. मधूनच एखादा निघतो. टेबलावर ठेवून डुगडुगतंय का बघतो, खाली पेन सरकवतो, तीन ठिकाणी टेकलं की हलत नाही हे त्याला हातानंच कळतं. त्याला मी घेतो, मार्कशीट नंतर बघतो. सिन्नरकडच्या अशाच एका पोराला विचारलं, हे कुठं शिकलास? म्हणाला, गणपतीच्या आराशीत. मंडळाचा हलता देखावा तो करायचा. भंगारातली वायपरची मोटर, सायकलची चेन आणि रात्रभर जागरण. घरचे ओरडायचे, अभ्यास सोडून काय चाललंय म्हणून.

सर्जनशीलता म्हटलं की आपल्याला कवी आठवतो नाहीतर चित्रकार, आणि मग "ते आपलं काम नाही" म्हणून आपण मोकळे. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला कुणी कलावंत म्हणत नाही. पण बघा, थंड मुलखात हिवाळ्यात द्राक्षवेलीची पानं झडतात, वेल झोपते आणि वर्षातून एकदा छाटणी होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, काडी तयार करून तिच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, घड धरवायचा. ऑक्टोबरात गोडी छाटणी, तोच घड बाहेर काढायचा. सटाण्याकडचे शेतकरी तर छाटणी पावसाळ्यातच उरकतात, पाऊस अंगावर घेतात, आणि इतरांचा माल यायच्या आत आपला बाजारात नेतात. हे फॉर्म भरून सुचत नाही. बागेत उभं राहून, दोन-चार हंगाम पदरचे घालवून सुचतं.

आता ज्यांचं नाव घेतलं की आपली छाती फुगते ते दादासाहेब फाळके. आपल्या त्र्यंबकचे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, सहली जातात, डबे उघडतात. राजा हरिश्चंद्र, १९१३, हे पोरांना पाठ असतं. मला त्याच्या आधीचं वर्ष जास्त मोलाचं वाटतं. विम्याची पॉलिसी गहाण टाकून हा माणूस १९१२ साली लंडनला जातो, तंत्र शिकतो, कॅमेरा मागवतो. आणि कथापटाच्या आधी टिपतो काय? कुंडीतला वाटाणा! महिन्याहून जास्त काळ रोज थोडंथोडं चित्रण. अंकुर फुटून रोप वाढताना दिसावं, एवढीच मिनिटभराची फिल्म. वय चाळिशीपलीकडे, डोळ्यांचं दुखणं होऊन गेलेलं, धंद्याची घडी मोडलेली, घरात लहान मुलं. आणि गडी कुंडीसमोर. तुमच्या सोसायटीत हा माणूस राहत असता तर लिफ्टमध्ये त्याच्याबद्दल काय बोलला असतात? खरं सांगा. ती वाटाण्याची फिल्म बघूनच पुढे पैसे घालणारा माणूस तयार झाला.

आणि सरस्वतीबाई? फिल्मच्या पट्टीला भोकं पाडायची, फिल्म धुवायची, शिवाय युनिटमधल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. नवऱ्याला सुचलेल्या गोष्टीचा खर्च त्या घरानं उचलला, त्यातला मोठा वाटा बाईनं. फाळके गेले ते इथेच, नाशिकला, १९४४ साली. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये. पंचवीस वर्षांनी.

माझा मुद्दा एवढाच आहे. काहीतरी नवं करणाऱ्याचं कौतुक करण्यात आपण कमी नाही. २७ फेब्रुवारीला तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या, फोटोला हार घालायला आपण पुढेच असतो. पण काम जमण्याआधीची जी वर्षं असतात, ज्यात माणूस बिनकामाचा दिसतो, त्या वर्षांचा खर्च आपण एकट्या घरावर टाकतो. ज्याच्या घरी ऐपत आहे त्याचं पोर गिटार शिकतं, बाकीच्यांची पोरं गणिताचा सराव करतात. शाळेतला तो फुकटचा तास म्हणूनच महत्त्वाचा. पंचवटीतल्या रिक्षावाल्याच्या पोरीला रंगाची पेटी हातात मिळण्याची ती बहुधा एकुलती एक जागा. हा खर्च सगळ्यांनी मिळून उचलता येतो, हे या गावाला नवं नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. तेव्हाच्या नाशिकची ऐपत आजच्यापेक्षा जास्त होती का?

"आता एआय सगळं करतं, कशाला हवी चित्रकला?" हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच बोलतो. गंगापूर रोडवर वाढदिवसांचे फ्लेक्स बघा. भाऊंच्या मागे जो डोंगर असतो तो ना ब्रह्मगिरी, ना अंजनेरी, ना चामरलेणी. कुठलाच नाही. छान, गुळगुळीत आणि कुठलाच नाही. मी स्वतः एआय वापरतो, कोटेशनची पत्रं त्याच्याकडूनच लिहून घेतो, तक्रार नाही. पण हा डोंगर आपला नाही, हे ओळखायला आधी कधीतरी अंजनेरी बघून, चुकतमाकत का होईना, हातानं काढलेली असावी लागते.

पोटापाण्याचं म्हणाल तर माझ्याच शॉपवर बघा. एकदा प्रोग्राम बसला की व्हीएमसी (संगणकावर चालणारं कटाईचं मशीन) तोच पार्ट रात्रभर काढत बसते. माणूस लागतो तो ड्रॉइंगमध्ये जे नाही त्यासाठी. पगारही त्याचाच वाढतो.

आता २०२७ चा सिंहस्थ येतोय. रस्ते, पूल, घाट, टेंडरं, सगळं होईल. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. २०१५ ला याच शहरातल्या एका शाळकरी पोरानं पावलं मोजणारी चटई तयार केली, गर्दी किती आणि कुठं साचतेय ते कळावं म्हणून. कुंभथॉन नावाच्या उपक्रमात तरुणांना शहराचे खरे प्रश्न दिले होते, त्यातून ते आलं. या वेळी तेच मोठ्या प्रमाणावर करा ना. आयटीआयची, पॉलिटेक्निकची, चित्रकला महाविद्यालयातली पोरं एकत्र रामकुंडावर न्या. हरवलेली म्हातारी माणसं, चपलांचे ढीग, निर्माल्य, बायकांना कपडे बदलायला आडोसा, यातलं एकेक त्यांच्या गळ्यात घाला. थोडे पैसे द्या, भरपूर वेळ द्या, आणि दहापैकी आठ कल्पना फुकट जातील हे ऑडिटवाल्यांना आधीच सांगून ठेवा. महापालिकेतलं कुणी हे वाचत असेल तर फिक्स्चर (मशीनवर तुकडा धरून ठेवायची पकड), बेअरिंग, वेल्डिंग यातलं जे लागेल ते शिकवायला रविवारी मी मोकळा असतो. अंबड-सातपूरमध्ये माझ्यासारखे बरेच निघतील, नुसती हाक मारा.