१०२० च्या खालची ओळ कुणी वाचली का?

‘सरकारी आकडा : भारतात आता १००० पुरुषांमागे १०२० स्त्रिया. मुली मुलांपेक्षा जास्त झाल्या, स्त्रीभ्रूणहत्या संपली, सोनोग्राफीचे जाचक नियम आता रद्द करा. मुलांची लग्नं अडलीत ती फक्त मुलींच्या अपेक्षांमुळे.’ हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. परवा तो माझ्या भाचीला सासरच्या ग्रुपवर आला. तिला एक मुलगी आहे आणि आता पुन्हा दिवस गेलेत. ‘मुली भरपूर आहेत’ हे नेमकं आत्ताच कुणी का पाठवलं, ते तिलाही कळलं आणि मलाही. म्हणून उत्तर लिहितेय.

१०२० हा आकडा खरा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातलाच आहे. पण त्याच तक्त्यात त्याच्या लगेच खाली दुसरी ओळ आहे : आधीच्या पाच वर्षांत जन्मलेल्या बाळांमध्ये १००० मुलग्यांमागे ९२९ मुली. कुणी ढवळाढवळ केली नाही तर हा आकडा साधारण ९५० असतो. महाराष्ट्राचा आहे ९१३. आधीच्या फेरीत तो ९२४ होता, म्हणजे आपल्याकडे तो आणखी खाली आला. मुली जन्माला येऊ दिल्या जातात की नाही, हे या ओळीत दिसतं. मेसेज लिहिणाऱ्याने वरची ओळ उचलली आणि ही सोडली.

मग १०२० आले कुठून? हे सर्वेक्षण निवडलेल्या घरांत जाऊन आदल्या रात्री तिथे कोण झोपलं होतं ते मोजतं. लष्कराच्या बराकी, वसतिगृहं, मजुरांचे तळ त्यात येत नाहीत, आणि कामासाठी बाहेर राहणाऱ्यांत पुरुष जास्त. याच सर्वेक्षणाने २००५-०६ मध्ये हजाराला हजार असं प्रमाण सांगितलं होतं. पाचच वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत, माणसं एकेक करून मोजली तेव्हा ते ९४३ निघालं. लोकसंख्येतल्या एकूण प्रमाणावरून जन्माचा अंदाज बांधता येत नाही, हे कोकणातल्या माणसाला तरी सांगावं लागू नये. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि मुंबई शहरात ८३२, कारण चाकरमानी मुंबईत आणि बायका गावी.

बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, हेही एक कारण आहे, ते मान्य. पण आज्यांची संख्या वाढली म्हणून गर्भातल्या मुली वाचल्या असं होत नाही.

‘जाचक’ नियमांबद्दल थोडक्यात. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदान रोखणारा हा कायदा देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये केला, आणि १९९४ मध्ये तो केंद्राने केला. गरोदर बाईला सोनोग्राफीच्या वेळी एका फॉर्मवर सही करावी लागते, की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. बाकी नोंदी ठेवायच्या त्या डॉक्टरांनी. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली उरल्या होत्या. या नोंदी कशासाठी, हे त्यानंतरही विचारायचं?

पण मला सगळ्यात जास्त संताप आला तो लग्नाच्या मुद्द्याचा. अपेक्षा असतात, नाही कोण म्हणतं? शेती करणाऱ्या, गावात राहणाऱ्या मुलाला नकार येतात, नोकरीवाला हवा असतो, हे मीही पाहते. पण २००१ ची जनगणना उघडा. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये महाराष्ट्रात हजारी ९१३ मुली, सांगलीत ८५१, कोल्हापुरात ८३९. कोल्हापुरात शंभर मुलग्यांमागे जेमतेम ८४. तीच पोरं आज पंचविशी-तिशीत आहेत, त्यांच्यासाठीच स्थळं बघणं चाललंय. ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत, त्यांची जागा भरायची कुणी? आधी मुली गर्भात मारायच्या, आणि ज्या उरल्या त्यांनाच तोऱ्यातल्या म्हणायचं, ही हद्द झाली.

ज्यांच्या नावाने हा मेसेज गळा काढतो, त्या मुलांना मात्र दुखणं नेमकं कळलेलं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले होते. त्यांची मागणी होती, गर्भलिंगनिदानाचा कायदा कडक राबवा.